थुंकीची साक्ष

आमच्याकडे लग्न जुळवताना पत्रिका कुणी फारशी बघत नाही, नातं बघतात. मुलीला आत्याचा मुलगा मिळाला तर सोन्याहून पिवळं, मामाचा असला तरी चालतं. चुलत किंवा मावस असला तर मात्र तो सख्ख्या भावाच्या जागी. तिथं नुसता विषय काढला तरी म्हातारी माणसं कानांवर हात ठेवतात. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. रक्ताला चुलत आणि मामे यांतला फरक कळत नाही, धोका असलाच तर दोन्हीकडे सारखा, हे मी आमच्या लोकांना इतकी वर्षं सांगत आलेय की आता मी तोंड उघडलं की बायका कपबश्या गोळा करायला उठतात. ऐकून घेतात सगळे. मानाही डोलावतात. पुढच्या लगीनसराईत पुन्हा मामाच्याच पोरीची सुपारी फुटते.

त्यामुळे माझ्या भावाची मुलगी प्रेरणा आणि हनुमानचा मुलगा सत्यम यांचं जमतंय असं कळलं तेव्हा मला धक्का वगैरे बसला नाही. हनुमान माझा आतेभाऊ. मामेभाऊही तोच. हे कसं, ते सांगते. माझ्या वडिलांची, कारभारींची, बहीण राजाबाई. तिला माझ्या आईच्या भावाला, मोतीरामला दिली, आणि माझी आई लक्ष्मीबाई त्याच मांडवात वडिलांच्या घरी आली. याला साटंलोटं म्हणतात. हुंड्याचा प्रश्न मिटतो, एका मांडवात दोन लग्नं उरकतात, पण दोन्ही बायका जन्मभर एकमेकींच्या जामीन राहतात. एका घरानं सून माहेरी पाठवली की दुसऱ्या घरानंही आपली पाठवायची, मग तिचा काही दोष असो की नसो. आमच्या दोन्ही घरांत तशी वेळ आली नाही. दोन्ही संसार शेवटपर्यंत टिकले आणि भावकीत त्यांचं उदाहरण देत. आता वडील, मामा, आत्या तिघंही गेले. उरली ती आई.

आमचे लोक मूळचे मेंढरांमागे फिरणारे, घर पाचोडजवळ. वडिलांनी मेंढरं विकून चिकलठाण्याच्या एका कंपनीत नोकरी धरली, म्हणून आम्ही शहरवाले झालो. माझा थोरला भाऊ शिवशंकर प्लॉटिंग करतो. म्हणजे जिथं पूर्वी आमची मेंढरं बसायची तिथं तो लोकांना रो-हाउस दाखवतो. हनुमान उशिरा शहरात आला आणि टँकर घेतले. ज्या वर्षाची ही गोष्ट त्या वर्षी शहराचं नाव बदलून झालं होतं, पाणी मात्र होतं तसंच, आठ दिवसांनी एकदा. आदल्या साली पावसानं दगा दिलेला. हनुमानचे टँकर रात्रंदिवस पळत होते आणि दुष्काळ त्याला मानवला होता असं शिवशंकरदादा म्हणायचा, अर्थात प्रेमानंच. दोघांचं लहानपणापासून गूळपीठ. मुलांचं जमतंय म्हटल्यावर दोघांनी एकमेकांना पेढा भरवला आणि मग घरात सांगितलं.

सत्यम शेंद्र्याला एका कंपनीत इंजिनिअर, प्रेरणा औषधाच्या कंपनीत. दोघांनी मिळून एक फ्लॅट बुक केला होता, खिडक्यांची मापं घेतली होती, आणि पडद्याच्या रंगावरून त्यांचं भांडणही होऊन गेलं होतं. याहून जास्त लग्न काय असतं मला माहीत नाही.

विरोध एकट्या आईचा. आधी म्हणाली पोरगं काळं हाय. मग म्हणाली टँकरवाल्याच्या घरात बाईला चैन नसते. मग म्हणाली दोघांची रास जमत नाय, आणि राशीचं आमच्या घरात तिनं पहिल्यांदाच काढलं होतं. रोज नवं कारण. दादा म्हणाला म्हातारपण आहे, सोडून द्या. मीही सोडून दिलं.

सत्यमनं मधेच ते किट मागवलं. नळीत थुंकायचं, पाठवायचं, आणि आपले पूर्वज कुठून आले ते मोबाइलवर बघायचं. सेलमध्ये दोन स्वस्त पडत होती म्हणून एक प्रेरणाला दिलं. साखरपुड्याआधी कुणी अंगठी देतं, कुणी साडी. आमच्याकडे नळी दिली. महिनाभरानं अहवाल आला. पूर्वजांच्या रकान्यात दोघंही दक्षिण आशियाई निघाले. हनुमाननं विचारलं, ‘पाचोड लिहिलं नाय का?’

दुसऱ्या रकान्यात नातेवाइकांची यादी होती. लांबचे कझिन म्हणून शेकड्यांनी नावं, सोलापूरपासून कॅनडापर्यंत, आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, सत्यमच्या यादीत प्रेरणा आणि प्रेरणाच्या यादीत सत्यम. पुढे लिहिलं होतं: फर्स्ट कझिन.

दादाच्या घरी बैठक बसली. मला बोलावणं आलं. आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या लोकांनी मला माझ्या विषयातलं काही विचारलं.

‘कझिन म्हंजी कोणता?’ दादानं विचारलं. ‘चुलत का आते? तेवढं सांग.’

मशीनला ते कळत नाही, असं मी म्हणाले. ते फक्त दोघांच्या रक्तातलं किती सारखं आहे ते मोजतं. दादाचा विश्वास बसेना. एवढं थुंकून घेतलं आणि कुणाशी लग्न चालतं, कुणाशी चालत नाही एवढंही सांगता येत नाही, तर ते शास्त्र कसलं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या जागी ते बरोबर होतं.

मग मी समजावून सांगितलं. बाजेवर आईनं शिवलेली गोधडी होती, तीच उलगडली. म्हटलं, समजा प्रत्येक माणूस म्हणजे एक गोधडी. जवळच्या नात्यात दोन गोधड्यांत एकाच लुगड्याचे लांब लांब पट्टे सापडतात. दूरच्या नात्यात सापडतात त्या चिंध्या. आपण पिढ्यान्‌पिढ्या आपसातच सोयरिकी करत आलो, त्यामुळे आपल्या सगळ्यांच्याच गोधड्यांत त्याच त्या चिंध्या आहेत. मशीन त्यांची बेरीज करतं आणि म्हणतं, हे तर जवळचे दिसतात. वर आपलं साटंलोटं. दादा आणि हनुमान हे आईकडूनही भाऊ आणि वडिलांकडूनही भाऊ, मग त्यांच्या पोरांचा हिस्सा दुप्पट दिसणारच. आकडा फुगलाय तो त्यानं.

सगळ्यांचे चेहरे उजळले. माझं शास्त्र पहिल्यांदाच घराच्या बाजूनं बोललं होतं. वहिनीनं मला पाहुण्यांच्या कपात चहा दिला.

हिशेब अगदी जुळत होता असं नाही. साटंलोटं धरलं, वर जुन्या सोयरिकी धरल्या, तरी आकडा जरा जास्तच होता. लांब पट्टेही मला वाटले होते त्याहून जास्त होते. मी ते बघितले आणि पणजोबांच्या वेळच्या कुठल्या तरी सोयरिकीच्या नावावर टाकून दिले. प्रेरणा माझ्यासमोर बसली होती आणि तिच्या मांडीवर पडद्याच्या कापडाचा तुकडा होता.

साखरपुडा अखितीच्या नंतरचा ठरला. बैठक उठली, तेव्हा आईनं मला खुणेनं आतल्या खोलीत बोलावलं.

‘मशीन खोटं बोलतंय व्हय गं?’

खोटं नाही, नीट वाचावं लागतं, मी म्हणाले.

‘मंग नीट वाचाया काय लागतंय?’

मी सांगितलं की असं शंकेचं काही निघालं तर पोरांचं तपासून भागत नाही, एक पिढी वर जावं लागतं. वरच्यांचं तपासलं की चिंध्या आणि पट्टे लगेच वेगळे दिसतात. आईनं हे दोनदा सांगायला लावलं.

‘माझं कर,’ ती म्हणाली. ‘माझं आन हनुमानाचं.’

मी विचारलं, तुझं कशाला? ती म्हणाली, कर म्हंते ना. मला वाटलं, पोरांच्या खेळात म्हातारीलाही भाग घ्यायचाय. सत्यमला तर आनंदच झाला. त्यानं दोन किटं आणखी मागवली आणि अहवाल थेट माझ्या मोबाइलवर येईल असं केलं, वाचायचा मलाच होता. हनुमाननं सिग्नलला टँकर उभा असताना नळी भरून दिली. आईची मात्र दुपार गेली. थुंकण्याआधी अर्धा तास मिश्री लावायची नाही असा नियम होता, आणि मिश्रीशिवाय तिचं तोंड कोरडं पडायचं. चिंच डोळ्यांपुढे धरून बघितली, लोणच्याचं नाव काढलं. ती थुंकायची, नळी उजेडात धरून बघायची आणि पुन्हा थुंकायची. एवढ्या निष्ठेनं मी तिला देवाचं करतानाही बघितलं नव्हतं. नळी भरली तेव्हा तिनं ती पदरानं पुसून सत्यमच्या हातात दिली आणि म्हणाली, नीट पोचती कर.

अहवाल आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत होते. मोबाइल वाजला, उघडला.

लक्ष्मीबाई आणि हनुमान. पुढे लिहिलं होतं: आई आणि मुलगा.

इथं वाचायला काही नव्हतं. चिंध्यांची कितीही बेरीज केली तरी असं दिसत नाही. प्रत्येक पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होता, एकही मधे तुटलेला नाही. असं फक्त आई-बापात आणि पोटच्या पोरात असतं. तरी मी जीव तोडून पळवाटा शोधल्या. नळ्या बदलल्या असतील? पण त्याच अहवालात हनुमान सत्यमचा बाप निघत होता, आणि आई प्रेरणाची आजी. नळ्या बरोबर होत्या. त्याच अहवालात आई सत्यमचीही आजी होती. मी उरलेले पेपर तसेच ठेवले आणि रिक्षानं दादाच्या घरी आले.

घरात आई एकटीच, डाळ निवडत बसली होती. मी दार लावलं आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नाही, तरी तिनं बघितला.

‘माय, हे काय आहे?’

‘मला काय इचारती? म्या काय बोलले का? म्या नुसती थुंकले.’

मी तिच्यासमोर खाली बसले. हनुमान तुझा मुलगा आहे का, असं सरळ विचारलं. तिनं डाळीतला खडा काढून बाजूला टाकला.

‘बेलभंडारा उचललाय म्या खंडोबाचा. जीव हाय तंवर या तोंडातून त्ये निघायचं नाय.’

‘थुंकीही तोंडातलीच ना, माय.’

‘त्ये खंडोबा आन मी बघून घेऊ. तू शिकलेली हायस. मोड त्ये लगीन.’

याच्यापुढे ती एक शब्द बोलली नाही. मी रागावले, ओरडले, जेवणार नाही म्हणाले. ती डाळ निवडत राहिली. तिची ती रोजची नवी कारणं, काळा रंग, रास, सगळं मला एकदम कळलं. म्हातारी बोलता येत नसलेल्या माणसासारखी हातवारे करत होती आणि आम्ही तिला म्हातारचळ लागलाय म्हणत होतो. मला तिची कीव आली आणि राग काही कमी झाला नाही.

लग्न प्रेरणाचं होतं, म्हणून आधी तिला सांगितलं. ती शहाणी मुलगी. सगळं नीट ऐकून घेतलं, अहवाल स्वतः वाचला, मोबाइल मला परत दिला.

‘आत्या, मागच्या वेळी तूच म्हणालीस, चालतंय. सत्यम तोच आहे, मीही तीच आहे. मग काय बदललं?’

मी आकडे सांगितले. रक्तातला सारखा वाटा मी धरला होता त्याच्या दुप्पट निघाला, होणाऱ्या मुलांना धोका तेवढा वाढतो, वगैरे.

‘तेवढ्यासाठी नाही म्हणतेस तू? आमच्यासारखीच किती लग्नं झाली आपल्यात. तूच सांगायचीस ना, रक्ताला चुलत आणि मामे कळत नाही म्हणून.’

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते जीवशास्त्राचं नव्हतं. माझ्या दोन सख्ख्या भावांची पोरं नवरा-बायको म्हणून जोडीनं बसणार, हा विचारही मला सोसत नव्हता. इतकी वर्षं मी ज्यांना हसले त्या म्हाताऱ्यांसारखेच माझे हात कानांवर जात होते. शास्त्र गेलं उडत, मला ते चालणार नव्हतं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला ते कळलं. मग तिच्याही तोंडावर तेच दिसायला लागलं, हळूहळू. ते बघणं फार वाईट होतं.

ती रडली. मीही रडले. सत्यमला मी सांगते, ती म्हणाली, त्याच्या वडिलांना तू सांग.

हनुमान टँकर भरायच्या रांगेत होता. मी केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसले आणि सांगितलं. पुढचा टँकर हलला की तो आपला टँकर पुढे घ्यायचा, ब्रेक लावायचा आणि म्हणायचा, बोल. असं तुकड्या-तुकड्यांनी सगळं सांगून झालं. पुढचा टँकर हलला तरी त्यानं आपला हलवला नाही.

‘पक्कं?’

‘पक्कं.’

‘मंग माझी माय?’ तो राजाबाईआत्याबद्दल विचारत होता. ‘तिला आता वांझ म्हंतील. मेल्यावर. जित्तेपणी कुणाची छाती झाली नाय, आता म्हंतील.’

एवढं ऐकून त्याला पहिल्यांदा हेच सुचलं. मी म्हणाले, दादाला तर सांगावंच लागेल. त्यानं मान हलवली.

‘शिवाला सांगितलं की गावाला कळलं. कुणाला सांगायचं नाय. सोयरीक म्या मोडतो.’

कशी मोडणार, ते त्यानं सांगितलं नाही. मला उतरवून तो टँकर भरायला गेला. प्रेरणा आणि सत्यमही गप्प राहायला कबूल झाले. राजाबाई सत्यमची लाडकी आजी होती.

रविवारी दादाच्या घरी याद्या करायला माणसं जमली. भावकीतले थोरले म्हणून कचरूतात्या पाचोडहून आले होते. आई बाजेवर. प्रेरणा स्वयंपाकघराच्या दारात. सत्यम भिंतीला टेकून उभा. हनुमाननं सरबत घेतलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाला की ही सोयरीक आपल्याला करायची नाही. पोराला पुण्याचं मोठं स्थळ सांगून आलंय. ते लोक गाडी देतायत. शिवशंकरचं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, सगळे प्लॉट पडून आहेत, आपण कशाला अडकून बसायचं.

हे सगळं त्यानं पाठ केल्यासारखं म्हटलं. खोटं बोलायची त्याला सवय नाही. पण रागावलेल्या माणसाला तेवढं बारीक दिसत नाही, आणि दादा रागावला होता.

तो उठून उभाच राहिला. टँकरचं पाणी डोक्यात गेलं म्हणाला. लोकांच्या तहानेवर मोठा झालास म्हणाला. लहानपणी एका ताटात जेवलो ते आठवलं नाही का म्हणाला. हनुमान खाली मान घालून ऐकत होता. हे सगळं खोटं आहे हे त्या खोलीत प्रेरणाला, सत्यमला आणि मला ठाऊक होतं, आणि आम्ही तिघंही फरशी बघत होतो.

‘आजपासून तुझं-माझं नातं सरलं,’ दादा म्हणाला. ‘मी मेलो तर मयताला येऊ नको. तुझ्या मयताला मी येत नाय.’

‘बरं,’ हनुमान म्हणाला. उठला, दाराशी गेला आणि चप्पल पायात सरकवायला लागला.

‘शिवा,’ आई म्हणाली.

दादानं ऐकलं नाही. ती बाजेची दांडी धरून उठली.

‘शिवा, जाऊ देऊ नको त्याला. त्यो तुझ्या पाठचा हाय.’

कचरूतात्यांनी कानामागं हात धरला, मग हळूच खाली घेतला. आईनं एकदा डोळे मिटले आणि उघडले. शपथ मोडली म्हणून काही होतंय का याची ती वाट बघत होती असं मला वाटलं. काही झालं नाही. मग ती बोलली, आणि एकदा बोलायला लागली ती थांबेना.

बहात्तरचा दुष्काळ. बाप्ये दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाकाठानं गेले ते पाऊस पडेस्तोवर यायचे नव्हते. आई आणि राजाबाई दोघी मिळून दूर कुठल्या तरी तलावाच्या कामावर खडी फोडायला होत्या. ओळखीचं कुणी नाही. आईला दिवस गेलेले. राजाबाईला लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नव्हतं, आणि मोतीरामच्या आईनं, म्हणजे माझ्या आईच्याच आईनं, दुसरी मुलगी बघून ठेवली होती. पाऊस पडला की राजाबाईला माहेरी धाडायचं ठरलं होतं. तिला धाडली की साट्यालोट्याच्या न्यायानं आईलाही निघावं लागणार. मग दोघींनीच ठरवलं. राजाबाईलाही दिवस गेलेत असा निरोप मेंढरांकडे पोचवला. मूल कामावरच्या झोपडीत झालं. आईनं ते राजाबाईच्या ओटीत घातलं आणि दोघींनी भंडारा उचलला.

‘तुझं काय झालं असतं तिला धाडली असती तर?’ दादानं विचारलं. त्याला अजून बसायचं सुचलं नव्हतं. ‘माहेरीच गेली असतीस ना. उपाशी मेली नसतीस.’

‘म्या गेले असते. तू ऱ्हायला असतास,’ आई म्हणाली. ‘चालायला लागला व्हतास. पोरगं बापाचं असतंय, त्येंनी ठिऊन घेतलं असतं तुला. तुला सोडायचं नव्हतं म्हून त्याला दिला.’

दादाचा चेहरा मी सांगू शकत नाही. त्यानं वडिलांचं एवढंच विचारलं, ‘आबाला ठाऊक होतं?’

‘नाय. त्येंला सांगितलं, गेलं म्हून. त्या साली लई लेकरं गेली, कुणाला नवल नाय वाटलं. खड्डा कुठं हाय इचारलं त्येंनी. म्या एक जागा दावली. तिथं दगड ठिवला त्येंनी, आन मेंढी विकून परसाद केला.’

राजाबाईला कुणी वांझ म्हणेल का, हे हनुमानच्या मनातलं कचरूतात्यांना कसं कळलं माहीत नाही. त्यांनी घसा साफ केला आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना बजावलं की आज इथं जे बोलणं झालं त्यातलं राजाबाईचं नाव ज्याच्या तोंडून बाहेर येईल त्याच्या घरी मी पाणी प्यायचा नाही. त्या उन्हाळ्यात ही धमकी तशी मोठीच होती.

हनुमान दारातच होता, एक चप्पल पायात, एक हातात. दादा त्याच्याकडे बघत राहिला.

‘चप्पल काढ,’ दादा म्हणाला. ‘आत बस.’

हनुमाननं चप्पल काढली. आत आला आणि आईकडे न बघता दादाच्या शेजारी बसला. सत्यम कधी बाहेर गेला ते मला कळलं नाही. गच्चीवरून त्याच्या पावलांचा आवाज येत होता.

प्रेरणा स्वयंपाकघराच्या दारातून निघून बाजेपाशी आली.

‘आजी, सत्यमच्या वडिलांना तू दिलंस ते मनापासून दिलंस?’

‘मनाला कुणी इचारलं, बाई.’

‘माझ्याही मनाला नाही विचारलं,’ प्रेरणा म्हणाली.

आईनं सरकून तिला बाजेवर जागा करून दिली. प्रेरणा बसली, पण आजीला टेकली नाही.